अप्पांच्या जागेचं माप

१

शिवरंजनीची सकाळ ठरलेली असायची. सहाला उठायचं, अप्पांना चहा आणि दोन बिस्किटं द्यायची, शुगरची गोळी समोर उभं राहून गिळायला लावायची, आणि सातच्या आत स्कूटी काढून रुद्रभूमी गाठायची. धाराशिवच्या जुन्या वस्तीच्या टोकाला ही लिंगायतांची दफनभूमी. कुंपणाला बाभळी, मधे सात-आठ जुनाट कडुलिंब, आणि त्यांच्याखाली समाध्या, काही दगडी, काही विटांच्या, अलीकडच्या गुळगुळीत फरशीच्या. ऑफिसच्या आधी दोन तास ती तिथं मापं घ्यायची. शेजारीण एकदा म्हणालीच, "अगं बाई, सकाळी सकाळी तिकडं जायला कसं गं वाटत नाही तुला काही?" हिचं उत्तर तयार होतं. "तिथली माणसं मधेमधे तोंड घालत नाहीत. काम झटपट होतं."

अशी ती फटकळ. पालिकेत आरेखक म्हणून बावीस वर्षं काढलेली. जे टेपनं मोजता येतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा तिचा सरळ हिशोब. शहरातल्या नामवंतांच्या समाध्यांचा नकाशा करून फाटकाशी मोठा फलक लावायचा असं पालिकेनं ठरवलं, आणि काम अर्थातच तिच्या गळ्यात पडलं. एरवी तिनं चार लोकांना चार गोष्टी सुनावल्या असत्या. या खेपेला मात्र ती मुकाट्यानं हो म्हणाली, कारण त्यात तिचा स्वतःचा जीव गुंतला होता.

मधल्या कडुलिंबांखाली एका रांगेत आठ समाध्या होत्या. त्या रांगेला अख्खं गाव 'थोरांची ओळ' म्हणायचं. तिथं मल्लिनाथ वकील होते, निजामाच्या अखेरच्या वर्षात ज्यांनी रझाकारांपासून अख्खी गल्ली आपल्या माडीवर लपवली होती. गंगाबाई डॉक्टरीण होत्या, ज्यांच्या हातावर निम्मं गाव जन्माला आलं. गुरुलिंग पैलवान होते, त्यांच्या समाधीपुढून जाताना म्हातारी माणसं अजून छाती पुढं काढून चालत. आणि डॉक्टरीणबाई नि वकील यांच्या मधोमध एक जागा रिकामी होती. त्या ओळीतली शेवटची.

ती जागा समितीनं शिवरंजनीच्या वडलांना देऊ केली होती. सिद्धाराम गुरुजी, वय ब्याऐंशी, चाळीस वर्षं गणित शिकवलेले. समितीचे अध्यक्ष शांतलिंगअण्णा स्वतः घरी येऊन सांगून गेले. "गुरुजी, निम्मं गाव तुमच्या छडीखालनं गेलंय. आमी बी गेलोय. ती जागा तुमचीच."

मेल्यानंतरची जागा मिळाल्याचा माणसाला एवढा आनंद होतो, हे शिवरंजनीनं पहिल्यांदाच पाहिलं. अप्पा येईल त्याला सांगायचे, "माझ्या एका हाताला डॉक्टर, दुसऱ्या हाताला वकील. आता मला कशाची काळजी?"

"अप्पा, गप्प बसा हो," ती चिडायची. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं त्या घरात बाप-लेक दोघंच होते. अप्पा गेल्यावर काय, हा विचार ती करतच नव्हती. पण त्यांची जागा नकाशावर आपल्या हातानं, अगदी नीट काढायची, एवढं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"माझी जागा मापात घे बरं का, रंजू," अप्पा रोज निघताना बजावायचे. माप चुकलेलं त्यांना आयुष्यात कधी खपलं नाही. वर्गात कुणाचं उत्तर चुकलं की काठी फरशीवर आपटायची आणि दोनच वाक्यं. "चूक. पुन्हा मोज."

२

रुद्रभूमीची राखण आणि खड्डे खणायचं काम बिभीषणकडं. त्याच्या बापानं, आज्यानं हेच केलेलं. त्याच्याकडं टेप नव्हता नि त्याला तो लागायचाही नाही. माणूस गेलं की बिभीषण घरी यायचा, मयताच्या पावलाला सुतळी लावायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत माप घेऊन गाठ मारायचा. त्याच्या नऊ पट लांब, नऊ पट रुंद, नऊ पट खोल. ज्याचा खड्डा त्याच्या पावलानं. माणसाला आडवं ठेवायचं नाही. मांडी घालून बसवायचं, पाठ टेकायला खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा, आणि मांडीवर डावा तळहात उताणा, त्यावर जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग. हे सगळं शिवरंजनीला लहानपणापासून माहीत होतं. म्हणजे अजाण होती म्हणून चुकली, असं म्हणायला जागा नाही.

फेब्रुवारीतली सकाळ होती. आठही समाध्यांची मापं झाली, रिकामी जागा तेवढी राहिली, आणि नेमका टेप अडकला. ओढला तर बाहेर येईना, सोडला तर आत जाईना. बिभीषण चहा आणायला फाटकाबाहेर गेलेला. साडेसात वाजत आले होते. आता एवढ्यासाठी उद्या परत कोण येणार?

चपला तिनं फाटकाशीच काढलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या चौथऱ्याला टाच लावून ती उभी राहिली आणि पावलाला पाऊल जोडत निघाली. एक, दोन, तीन. नवव्या पावलाला तिच्या अंगठ्याचं नख वकिलांच्या चौथऱ्याला टेकलं. ती वळली. खालच्या बाजूनं नऊ. परतताना नऊ. चौथी बाजू, तीही नऊ. एक बोट इकडं नाही की तिकडं नाही.

"वा!" ती मोठ्यानं म्हणाली. वहीत लिहिलं, 'अप्पांची जागा, ९ × ९ पावलं'. पावलाचे सेंटिमीटर घरी गेल्यावर मोजून गुणाकार करता येणार होता.

बिभीषण चहाचे दोन ग्लास घेऊन आला आणि धुळीकडं बघत उभा राहिला.

"ताई, ही टेपनंच मोजली न्हवं?"

बावीस वर्षांची आरेखक, आणि पायानं जागा मोजते! ही गोष्ट गावभर झाली असती, अप्पांच्या कानावर गेली असती. तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग काय पायानं मोजू? टेपनंच."

बिभीषणनं तिच्या पावलांकडं पाहिलं. धूळ होती पावलांना, पण ती काय, तिथं सगळ्यांच्याच पावलांना असते. कडुलिंबाचा एक डहाळा मोडला आणि ती जागा झाडून काढली. मग पुन्हा एकदा झाडली. त्याचा चहा तसाच गार होऊन गेला.

३

दुसऱ्या दिवशी, पायाचं माप मनाला खटकत होतं म्हणून, ती दुरुस्त केलेला टेप घेऊन गेली, आणि पावलं तिथं होती.

टाचेला अंगठा जोडलेली, चारी बाजूंनी, ताजी. तिच्याच पावलांची होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती. लहानपणी तिच्या डाव्या पायावर पाटा पडला होता, तेव्हापासून त्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नव्हती. डाव्या पावलाच्या प्रत्येक ठशात चारच बोटं उमटलेली होती.

बिभीषणनं नीट झाडलं नसणार, ती मनाशी म्हणाली. रात्री दव पडलं असेल, खालचे ठसे वर आले असतील. दवानं ठसे वर येतात का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. डहाळा घेऊन तिनं स्वतःच्या हातानं सगळं झाडलं, वर बाटलीतलं पाणी शिंपडलं, आणि टेपनं माप घेतलं. दोन मीटर सात सेंटिमीटर. चारी बाजू तेवढ्याच.

घरी येऊन तिनं पाऊल पट्टीवर ठेवलं. तेवीस सेंटिमीटर. गुणाकार करायची गरज नव्हती, तरी तिनं केला.

तिसऱ्या दिवशी पावलं होतीच, आणि त्या चौकोनातली माती चार बोटं खाली बसली होती. कडा मात्र अशा सरळ की ओळंबा लावून कापल्यासारख्या.

"घुशी झाल्यात इथं," बिभीषणनं काही म्हणायच्या आत ती म्हणाली. "औषध टाकायला सांगते पालिकेत."

"घुशी चौकोनात न्हाय पोखरत, ताई," बिभीषण म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता. "गुर्जींची तब्येत बरी हाय न्हवं?"

"ठणठणीत आहेत."

"आन तुमची?"

तिला राग आला. तिनं स्कूटीला किक मारली.

४

त्याच आठवड्यात ऑफिसात दीपमाला तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. दीपमाला आवक-जावक बघायची, आणि सगळ्यांचंच सगळं बघायची.

"ताई, बरं न्हाय का? मघाशी दोनदा हाक मारली तुम्हाला."

"कधी?"

"अहो, आत्ताच. खुर्चीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. मला वाटलं ध्यान करताय का काय. आवाज केला तरी हलला न्हाय."

शिवरंजनीनं खाली पाहिलं. तिचे पाय खुर्चीवर होते, मांडी घातलेली. ती कधी घातली ते तिला आठवेना. डावा तळहात मांडीवर उताणा पडला होता. तिनं तो घाईघाईनं फायलीखाली सारला.

"पाठ दुखतेय," ती म्हणाली. "असं बसलं की बरं वाटतं."

दीपमाला गेली. पाठ दुखत असणार, असं ती स्वतःलाही सांगत राहिली. पन्नाशी जवळ आली की दुखतेच. पण रविवारी दुपारी जेवण करून ती कॉटवर आडवी झाली, आणि जाग आली तेव्हा खाली फरशीवर बसलेली होती. पाठ भिंतीला टेकलेली, मांडी घातलेली, मान ताठ. डावा तळहात उघडा आणि त्यावर भिंतीचा पोपडा पडलेला. ती एकटीच खोलीत होती आणि घाबरून तिला रडू फुटलं. अप्पा झोपले होते, म्हणून तोंडात पदर कोंबून रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं रुद्रभूमीत जायचं बंद केलं. नकाशा घरी बसून पुरा होण्यासारखा होता. सकाळचे दोन तास मोकळे झाले, स्वयंपाक लवकर उरकता येऊ लागला. पहिल्याच दिवशी, सोमवारी, ती ओट्याशी उभी राहून ज्वारीचं पीठ मळत होती. बाहेरच्या खोलीत अप्पा पेपर वाचत होते. मधली खोली रिकामी. साडेसात झाले असतील.

मधल्या खोलीत फरशीवर पाऊल वाजलं. अनवाणी, हलकं. थोड्या वेळानं दुसरं. शेजारी कुणी तरी धुणं आपटत असेल, ती म्हणाली. तिसरं वाजलं. चौथं. नळाला पाणी आलं असेल, टाकीत थेंब पडत असेल. नऊ झाली आणि आवाज थांबला. मग दुसऱ्या भिंतीकडून पुन्हा सुरू झाला. एक.

"रंजू," बाहेरच्या खोलीतून अप्पांनी हाक मारली, "सकाळी सकाळी घरात काय मोजतेस गं?"

पिठाचे हात तसेच धरून ती दारात आली. मधल्या खोलीत कुणी नव्हतं. पलीकडच्या दारातून अप्पा चष्म्यावरून तिच्याकडं बघत होते, आणि ती ओट्याकडून आली, मधल्या खोलीतून नाही, हे त्यांना दिसत होतं.

५

चाळीस वर्षं पोरांची खोटी उत्तरं ऐकलेला माणूस तो. त्यांनी पेपरची घडी घातली.

"माझी जागा कशानं मोजलीस?"

"टेपनं, अप्पा."

"खरं सांग."

तिनं सांगितलं. टेप अडकला होता, उशीर होत होता, अप्पा, मला वाटलं एवढ्यानं काय होतंय. ऑफिसातलं सांगितलं, रविवारचं सांगितलं. सांगता सांगता ती शेंबड्या पोरीसारखी रडत होती आणि पिठाच्या हातांनी डोळे पुसत होती.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. "अगं गाढवे," ते इतकंच म्हणाले, आणि तेही हळू. मग काठी घेऊन उठले. "रिक्षा बोलाव."

"अप्पा, ऊन चढेल आता."

"रिक्षा बोलाव म्हणतो ना!"

ते पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. बिभीषण फाटकातच होता. त्यानं गुरुजींना चपला काढताना आणि मागं रडवेल्या ताईंना पाहिलं, आणि त्याला न सांगताच सगळं कळलं. त्यानं गुरुजींचा हात धरून त्यांना डॉक्टरीणबाईंच्या चौथऱ्याशी नेलं, आणि मग हात सोडून मागं सरला.

माती आता वीतभर खाली बसली होती. अप्पा काठी टेकत कडेवर उभे राहिले आणि तिच्या ठशांवर आपलं पाऊल ठेवत निघाले. टाचेला अंगठा. त्यांचं पाऊल मोठं, वयानं पसरलेलं. तोल जायचा, काठी रुतायची, तरी ते थांबले नाहीत. नववं पाऊल वकिलांच्या चौथऱ्यावर गेलं.

"वकीलसाहेब, थोडं सरकून घ्या," अप्पा म्हणाले. एरवी ती हसली असती.

चारी बाजू झाल्या. त्यांचा सदरा घामानं भिजला होता, ओठ निळसर दिसत होते. चौकोनाच्या मधोमध बघत त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "चूक होती," ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "पोरीची चूक. मी दुरुस्त केलीय. ही जागा माझी आहे, हे माप माझं आहे."

कडुलिंबाचं एक पान हलत नव्हतं. बिभीषणनं हात जोडले होते.

रिक्षाकडं जाताना शिवरंजनीनं मागं वळून पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. अप्पांची मोठी पावलं चारी बाजूंनी स्पष्ट उमटली होती. आणि त्यांच्यावर, त्यांच्या अगदी मधोमध, चार बोटांचं लहान पाऊल होतं. मग पुढचं पाच बोटांचं, मग पुन्हा चार बोटांचं.

"नीट झालं ना गं?" रिक्षात अप्पांनी विचारलं. त्यांना धाप लागली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"झालं, अप्पा," ती म्हणाली.

६

आठव्या दिवशी सकाळी अप्पा गेले. खुर्चीत बसल्या बसल्या, पेपर मांडीवर. ती चहाचा कप घेऊन आली आणि कप ठेवायच्या आधीच तिला कळलं. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. आपल्यासाठी गेला आपला बाप, आपल्या एका खोट्यापायी गेला, हेच तिच्या मनात, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. येणाऱ्या बायका म्हणत होत्या, "भरल्या वयात गेले, झोपेत गेले, सोनं झालं." ती मान हलवत होती.

बिभीषण सुतळी घेऊन आला. अप्पांच्या पावलाला लावली, गाठ मारली. उठताना तो तिच्याजवळ थांबला.

"ताई, गुर्जींच्याच मापाचा खणतो. काळजी करू नगा."

दुपारी त्यांना बसवून, विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या पालखीतून वाजतगाजत नेलं. गाव लोटलं होतं. शांतलिंगअण्णा रडत होते. ती खड्ड्याच्या कडेला उभी राहिली तेव्हा बिभीषण पहार बाजूला ठेवत होता. त्याचे हात सोलवटलेले होते.

"मधली माती लोण्यावानी निघाली," तो तिच्या कानाशी म्हणाला. "हातानं उचलली म्या. पर कडंला गुर्जींच्या मापाला जेवढी वाढवायची हुती, तेवढी दगडावानी. पहारीनं बी जुमानंना."

"कोनाडा?"

"कोनाडा म्या न्हाय खणला, ताई. त्यो हुताच."

अप्पांना खाली उतरवण्याआधी जंगमांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांच्या नजरा पालखीकडं होत्या. शिवरंजनी वाकली आणि खड्ड्यात पाहिलं.

ऊन तिरपं आत पडलं होतं. पूर्वेकडच्या भिंतीत कोनाडा होता, अरुंद, अप्पांच्या खांद्यांना न पुरणारा. त्यातली माती ओली असताना कुणी तरी पाठ टेकून बराच वेळ बसून गेलं असावं, अशी ती दबलेली होती. खांद्यांचे दोन खळगे, कमरेचा बाक. आणि पाठीच्या मधोमध, मानेपासून खाली कमरेपर्यंत, वेणीचा पीळ उमटलेला होता, एक एक पेड मोजता यावा असा.

तिचा हात आपोआप मागं गेला. वेणीला ओली माती लागली होती.

बिभीषणनं खाली उडी मारली. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यानं दोन्ही तळव्यांनी तो ठसा लिंपून टाकला, कोनाडा फावड्यानं दोन्ही बाजूंनी वाढवला, आणि मान वर करून ओरडला, "हं, उतरवा गुर्जींना."

७

घर मोकळं झालं. अप्पांची खुर्ची बाहेरच्या खोलीत तशीच राहिली, काठी खुर्चीच्या हाताला टेकवलेली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मधल्या खोलीत पुन्हा पाऊल वाजलं, आता भिंतीपासून सरळ ओट्याकडच्या दाराकडं येणारं. शिवरंजनी ओट्याला धरून उभी राहिली. दोन, तीन, चार. तिचे गुडघे मांडी घालायला वाकू लागले, आपण होऊन. सात. आठ.

बाहेरच्या खोलीत काठी फरशीवर आपटली. एकदाच, जोरात.

पावलं थांबली. तिचे पाय मोकळे झाले. ती धावत बाहेर आली. खुर्ची रिकामी होती, काठी खुर्चीच्या हाताला टेकलेली होती.

"अप्पा," ती म्हणाली, आणि खुर्चीपाशी बसून मनसोक्त रडली. या खेपेला तिला भीती वाटली नाही. लाज वाटली, आणि माया वाटली. मेल्यावरही म्हातारा पोरीची चूक धरून बसलाय, असं वाटून रडता रडता हसूही आलं.

रोज तसंच झालं. आठव्या पावलाला काठी वाजायची. ती त्या वेळी ओट्याशी उभी राहून वाट बघायची, वाजली की हात जोडून म्हणायची, "शरणार्थ, अप्पा," आणि ऑफिसला जायची. तिनं नकाशा पुरा केला. थोरांच्या ओळीत नऊ समाध्या, नववं नाव सिद्धाराम गुरुजी. फलक रंगवायला गेला. महिन्यानं अप्पांच्या समाधीवर फरशी बसली, चारी बाजूंनी सिमेंट भरून चांगली घट्ट. बिभीषणनं त्या दिवशी तिला सहज बोलावं तसं म्हटलं, "झालं, ताई. आता गुर्जी निवांत बसले."

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती ओट्याशी उभी होती. पाऊल वाजलं. तिनं भाकरी थापायची थांबवली नाही. तीन, चार. पाच. तव्यावर भाकरी टाकली. सहा, सात. तिचे गुडघे वाकू लागले तेव्हा तिनं सवयीनं बाहेरच्या खोलीकडं कान लावला.

आठ.

काठी वाजली नाही.

आवाज ओट्याकडच्या दारापर्यंत आला होता. आता एकच पाऊल राहिलं होतं, आणि ते पाऊल उंबऱ्यावर पडणार होतं. निवांत बसले, असं बिभीषण म्हणाला होता. तिच्या ध्यानात आलं की अप्पा आता खरोखरच निवांत बसले आहेत, वर फरशी आहे, आणि घरात दुसरं कुणी नाही.

ती मागच्या दारानं पळाली. बोळातून वळसा घालून, अनवाणी, ठेचकाळत, पुढच्या दारानं आत शिरली. पाय मधेच दुमडत होते, ते हातानं ओढून सरळ करावे लागत होते. खुर्चीपाशी ती जवळजवळ पडलीच. डावा हात उताणा होऊन उघडत होता. तिनं उजव्या हातानं काठी धरली आणि सगळं बळ एकवटून फरशीवर आपटली.

"चूक!" ती ओरडली. आवाज अप्पांसारखा आला नाही, चिरका आला. तिनं पुन्हा आपटली. "चूक. पुन्हा मोज."

घरात काहीच वाजेना. ओट्याकडून भाकरी करपल्याचा वास यायला लागला. शिवरंजनी खुर्चीत बसली, दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवून, काठी दोन्ही हातांत धरून, आणि मधल्या खोलीच्या दाराकडं बघत राहिली.

बऱ्याच वेळानं, आतल्या भिंतीपासून, पहिलं पाऊल वाजलं.